अंतिम युक्तिवादाचे दोन दिवस : कोल्हापुरातील दिवाणी वकिलांसाठीच्या एका कार्यशाळेचा अभिप्राय

दिवाणी दाव्यातील अंतिम युक्तिवाद या एकाच विषयाला वाहिलेली दोन दिवसांची कार्यशाळा नुकतीच कोल्हापुरात, नागाळा पार्कातील एका लहान सभागृहात झाली. न्यायालयाला सुट्टी असलेला दुसरा शनिवार आणि लगतचा रविवार असे दिवस निवडले होते. शुल्क साडेतीन हजार रुपये होते आणि त्यात दोन्ही दिवसांचे जेवण, सरावासाठी तयार केलेल्या दाव्याची फाइल आणि टिपणांची वही यांचा समावेश होता. शिकवणारे दोघे होते, एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि दुसरे आयुष्यभर जमिनीचे दावे चालवलेले ज्येष्ठ वकील. शिकणारे आम्ही बावीस जण होतो. मी नऊ वर्षे कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात मुख्यतः वाटप, वहिवाट आणि करारपूर्तीचे, म्हणजे झालेला करार पुरा करून मागण्याचे, दावे चालवते. पुढच्या तुकडीला जावे की नाही, असे दोन-तीन सहकाऱ्यांनी विचारले, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

मी या कार्यशाळेला का गेले हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण माझ्या मतामागे तो अनुभव उभा आहे. वकिलीच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे शेतात जाणाऱ्या वाटेचा एक दावा होता. पुरावा संपल्याची पुरसीस, म्हणजे तसे लेखी निवेदन, दिली गेली, युक्तिवादाची तारीख लागली आणि मी वादपत्र (दाव्याचा मूळ अर्ज) पहिल्या परिच्छेदापासून वाचायला सुरुवात केली. दहा मिनिटांनी न्यायाधीशांनी मला थांबवून एकच प्रश्न विचारला : कोर्ट कमिशनरच्या (न्यायालयाने जागेच्या पाहणीसाठी नेमलेल्या व्यक्तीच्या) नकाशात दाखवलेली वाट आणि वादपत्रात वर्णन केलेली वाट एकच आहे, हे कोणत्या साक्षीत आले आहे? उत्तर फाइलीत होते. प्रतिवादीने उलटतपासात ते स्वच्छ शब्दांत कबूल केले होते आणि तो उलटतपास मीच घेतला होता, तरीही त्या क्षणी मला तो परिच्छेद सापडला नाही. दावा नामंजूर झाला. अपिलात माझ्या ज्येष्ठांनी त्याच एका परिच्छेदावर तो फिरवला, पण मधल्या चार वर्षांत माझ्या पक्षकाराला प्रत्येक हंगामात ऊस बाहेर काढण्यासाठी दुसऱ्याच्या बांधावरून ट्रॅक्टर नेण्याची विनवणी करावी लागली. पुरावा असूनही तो न्यायाधीशांच्या हाती वेळेवर पोहोचला नाही, एवढ्याच कारणाने त्या माणसाची चार वर्षे गेली, हे मी विसरलेले नाही.

कार्यशाळेची पहिली दोन तास चाललेली बैठक याच ठिकाणी बोट ठेवणारी होती. निवृत्त न्यायाधीशांनी सुरुवातीलाच सांगितले की अंतिम युक्तिवादाविषयी तरुण वकिलांच्या मनात जे चित्र असते ते बहुतेक परदेशी चित्रपटांतून आलेले असते. अमेरिकेत सातव्या घटनादुरुस्तीमुळे दिवाणी दाव्यातही ज्युरीचा हक्क आहे, त्यामुळे तिथल्या वकिलाला कायदा न शिकलेल्या नागरिकांसमोर सगळी हकीकत नव्याने उभी करावी लागते. आपल्याकडे दिवाणी दाव्याला ज्युरी नाही. ऐकणारी व्यक्ती एकच असते, तिने साक्षी स्वतः नोंदवलेल्या असतात किंवा आधीच्या न्यायाधीशांनी नोंदवलेल्या साक्षी वाचलेल्या असतात, आणि युक्तिवाद संपल्यावर तिला निकालपत्र लिहायचे असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २० नियम ४ प्रमाणे त्या निकालपत्रात प्रकरणाचा थोडक्यात गोषवारा, निर्णयासाठीचे मुद्दे, त्यांवरील निर्णय आणि त्याची कारणे असावी लागतात. नियम ५ प्रमाणे काढलेल्या प्रत्येक मुद्द्यावर कारणांसह निष्कर्ष द्यावा लागतो. तेव्हा वकिलाने त्याच क्रमाने बोलावे, प्रत्येक मुद्द्यासमोर ‘होय’ की ‘नाही’ हे आधी सांगावे आणि त्यामागची निशाणी (पुराव्यात क्रमांक देऊन घेतलेला कागद) व साक्षीचा परिच्छेद लगेच दाखवावा, असे त्यांचे म्हणणे होते. ‘तुमचे बोलणे मला माझ्या वहीत जसेच्या तसे उतरवून घेता आले पाहिजे,’ हे त्यांचे वाक्य मी पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहे.

सरावाची फाइल ही या कार्यशाळेची सर्वांत मोलाची बाब होती. करवीर तालुक्यातील तीस गुंठे जमिनीच्या संचकारपत्रावर (इसारा देऊन केलेल्या विक्रीच्या करारावर) आधारलेला तो करारपूर्तीचा काल्पनिक दावा होता. आपल्या भागात असे दावे नित्याचे असल्यामुळे पहिल्या पानापासूनच सगळ्यांना तो आपला वाटला. व्यवहार जून २०१७ मधला, ठरलेली किंमत पंचेचाळीस लाख, संचकार दहा लाख आणि सहा महिन्यांत मोजणी करून खरेदीपत्र, अशा अटी होत्या. प्रतिवादीची कैफियत, म्हणजे लेखी बचाव, अशी की हे संचकारपत्र खरे नव्हे, आपण वादीकडून हातउसने दहा लाख घेतले आणि त्याच्या तारणापोटी कागदावर सही केली. दावा ऑगस्ट २०२० मध्ये दाखल झालेला होता. वादीची नोटीस, मोजणीच्या फीची पावती, वादीचे बँकेचे पासबुक आणि दोन्ही बाजूंचे पूर्ण उलटतपास जोडलेले होते. पासबुकात शिल्लक जेमतेम तीन लाख दाखवली होती. बाकीची रक्कम भाऊ देणार होता असे वादीने सांगितले होते, पण भावाला साक्षीला आणलेच नव्हते. प्रत्येक बाजूला काहीतरी दुखरे ठेवून फाइल रचली होती, आणि अशी फाइल रचायला किती मेहनत लागते हे दिवाणी काम करणाऱ्यांना सांगायला नको.

पहिल्या दिवशी दुपारी आम्हाला युक्तिवाद लिहायला बसवले नाही. आधी एक तक्ता करायला लावला : मुद्दा, तो शाबित करण्याचा भार कोणावर, आपल्या बाजूच्या निशाण्या, विरोधी साक्षीदाराने दिलेल्या कबुल्या, विरोधी बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे आणि त्याला उत्तर. ज्येष्ठ वकिलांचा आग्रह असा की तक्त्यात सर्वप्रथम कबुल्यांचा रकाना भरावा, कारण जे प्रतिपक्षाने मान्य केले आहे ते शाबित करायला आपली शक्ती खर्च करावी लागत नाही. आमच्यापैकी बहुतेकांनी पहिल्या वाचनात दोन कबुल्या शोधल्या होत्या. त्यांनी एकेक ओळ वाचून घेत सहा काढून दाखवल्या. त्यांतली एक फार छोटी होती. मोजणीच्या दिवशी आपण जागेवर हजर होतो, असे प्रतिवादीने सहज सांगितले होते. केवळ तारणासाठी सही करणारा माणूस खरेदीपूर्वीच्या मोजणीला कशाला उभा राहील, हा प्रश्न त्या एका ओळीतून उभा राहतो. दिवाणी दाव्यात शाबितीचा कस संशयातीत पुराव्याचा नसतो, शक्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढेच पाहायचे असते. अशा लहान कबुल्या त्या पारड्यात एकेक करून ठेवायच्या असतात, हे मला इतक्या स्पष्टपणे यापूर्वी कुणी शिकवले नव्हते.

वादीच्या बाजूने बोलणाऱ्या सर्वांनी, मीही त्यांत होते, एकच सोपा मार्ग धरला. पुरावा कायद्याच्या कलम ९१ व ९२ प्रमाणे लेखी कराराविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, म्हणून तारणाची हकीकत विचारातच घेऊ नये, असे आम्ही मांडले. त्यावर न्यायाधीशांनी गंगाबाई विरुद्ध छबूबाई या १९८२ मध्ये प्रकाशित झालेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाची आठवण करून दिली. दस्त मुळात अंमलात आणण्यासाठी केलाच नव्हता, तो केवळ देखाव्याचा होता, असे सांगणारा तोंडी पुरावा कलम ९२ ने अडत नाही, असे त्या निर्णयाचे तात्पर्य आहे. हा निर्णय माहीत असलेल्या न्यायाधीशांसमोर ‘कलम ९२’ एवढेच म्हणून थांबलो तर आपले पुढचे सगळे बोलणे हलके होते. त्यांनी सुचवलेली मांडणी वेगळी होती. प्रतिवादीला असा पुरावा देण्याची मुभा आहे हे आपणच आधी मान्य करावे आणि मग तो पुरावा प्रत्यक्षात आलाच नाही हे दाखवावे : उसनवारीचा कागद नाही, व्याजाचा दर कैफियतीत नाही, परतफेडीचा एकही हप्ता नाही, आणि नोटीस मिळूनही तिला उत्तर दिले नाही. हाच युक्तिवाद मी दुसऱ्या दिवशी पुन्हा केला, तेव्हा माझ्याच बोलण्याला आलेले वजन मला जाणवले.

याच चर्चेत आणखी एक उपयुक्त दुरुस्ती झाली. एका सहकाऱ्याने पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाची नवी कलमे, ९४ आणि ९५, उद्धृत केली. हा अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला असला तरी त्याच्याच कलम १७० प्रमाणे त्या दिवशी प्रलंबित असलेल्या कामकाजाला १८७२ चा जुना कायदा लागू राहतो, आणि आमचा दावा २०२० चा होता. पुढील अनेक वर्षे आपल्या न्यायालयांत दोन्ही कायदे शेजारी-शेजारी चालणार आहेत. युक्तिवादाच्या पहिल्या पानावर दावा दाखल झाल्याची तारीख लिहून ठेवण्याची सवय मी तेव्हापासून लावून घेतली.

दुसऱ्या दिवसाचा सकाळचा भाग आपल्या बाजूच्या दुबळ्या जागेविषयी होता आणि तो मला सर्वांत परिणामकारक वाटला. वादीच्या पासबुकातील तीन लाखांविषयी काय बोलावे, असा प्रश्न होता. काहींनी तो विषय टाळला, काहींनी घाईने उरकला. करारपूर्तीविषयीच्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम १६(ग) खाली वादीची तयारी आणि राजीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तयारी म्हणजे पैसे उभे करण्याची ऐपत, आणि राजीपणा म्हणजे व्यवहार पुरा करण्याची वृत्ती, जी वर्तनातून दिसते. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणाप्रमाणे, न्यायालयाने आदेश दिल्याखेरीज वादीने रक्कम प्रत्यक्ष देऊ करणे किंवा न्यायालयात भरणे आवश्यक नाही. तेव्हा शिल्लक तीन लाखच होती हे वादीच्या वकिलानेच प्रथम सांगावे, मग मुदतीच्या आत पाठवलेली नोटीस आणि स्वतः भरलेली मोजणीची फी यांतून राजीपणा दाखवावा, आणि ऐपतीविषयी वादीच्या साक्षीतील भावाच्या शेतीचा व उत्पन्नाचा जो भाग उलटतपासात अबाधित राहिला तो वाचून दाखवावा, असा क्रम शिकवला गेला. जी दुबळी बाजू आपण स्वतः सांगतो तिच्यासोबत तिचे उत्तरही आपल्याच शब्दांत जाते. प्रतिपक्षाने ती आधी सांगितली तर उत्तर मागाहून, बचावाच्या सुरात जाते.

प्रतिवादीच्या बाजूने बोलणाऱ्या एका तरुण वकिलाने भाऊ साक्षीला न आल्याबद्दल विद्याधर विरुद्ध माणिकराव (१९९९) हा निर्णय वाचला. तो निर्णय पक्षकार स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात न आल्यास त्याच्याविरुद्ध काढायच्या अनुमानाविषयी आहे. भाऊ हा पक्षकार नव्हता. इथे जुन्या कायद्याच्या कलम ११४ चे उदाहरण (छ), म्हणजे देता आला असता तो पुरावा न दिल्यास तो प्रतिकूल ठरला असता असे अनुमान, हा योग्य आधार होता. चूक लहान दिसते, पण न्यायाधीशांनी फार शांतपणे सांगितले की एक निवाडा चुकीच्या जागी वाचला गेला की त्या वकिलाचे पुढचे सगळे निवाडे ते स्वतः तपासून पाहत असत. तीनच निवाडे आणावेत, ते संपूर्ण वाचलेले असावेत आणि ज्या परिच्छेदावर भिस्त आहे तिथे खूण केलेली असावी, हा त्यांचा सल्ला मी तेव्हापासून पाळत आहे.

लेखी युक्तिवादाचा भाग आटोपशीर होता. २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ नियम २ मधील पोटनियमांप्रमाणे न्यायालयाच्या परवानगीने, तोंडी युक्तिवाद संपण्यापूर्वी, वेगवेगळ्या मथळ्यांखाली थोडक्यात लेखी युक्तिवाद देता येतो. त्याची प्रत प्रतिपक्षाला त्याच वेळी द्यावी लागते, केवळ तो लिहिण्यासाठी तारीख मागता येत नाही, आणि तोंडी युक्तिवादाला किती वेळ द्यायचा हे न्यायालय ठरवू शकते. दाद मागण्याच्या भागावर मात्र त्यांनी योग्य तेवढा वेळ दिला. करारपूर्ती नाकारली गेली तर संचकाराची रक्कम परत मिळावी, ही पर्यायी मागणी विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे वादपत्रात असावी लागते. ती नसेल तर दुरुस्तीची परवानगी कामकाजाच्या कोणत्याही टप्प्यावर मागता येते. युक्तिवादाच्या तयारीला बसल्यावर प्रथम वादपत्राचे शेवटचे पान वाचावे, या त्यांच्या सांगण्यामागे हे कारण होते. आमच्यापैकी निम्म्या लोकांनी सरावाच्या वादपत्रात ही मागणी नाही हे पाहिलेच नव्हते.

प्रत्यक्ष बोलण्याच्या सरावात न्यायाधीश समोर बसून मधेच प्रश्न विचारत होते आणि प्रश्न आला की वाचन तिथेच थांबवून आधी उत्तर द्यायचे, हा नियम होता. ‘मी पुढे त्याकडे येणारच आहे’ असे म्हटलेले त्यांना चालत नव्हते, कारण विचारणाऱ्याच्या मनात गाठ त्याच क्षणी पडलेली असते आणि ती सुटेपर्यंत पुढचे ऐकले जात नाही. माझ्या वाट्याला आलेल्या वेळात त्यांनी मला चार प्रश्न विचारले. तक्ता समोर असल्यामुळे चारही वेळा निशाणीचा क्रमांक मला लगेच सांगता आला. वाटेच्या त्या जुन्या दाव्याची आठवण त्या वेळी झाली आणि मन भरून आले.

आता उणिवा. पत्रकात प्रत्येकाला वीस मिनिटे बोलण्याची संधी मिळेल असे लिहिले होते. प्रत्यक्षात बारा मिनिटे मिळाली आणि शेवटच्या पाच जणांना तर आठच. बावीस जणांना एका दिवसात वीस मिनिटे देणे शक्य नाही हे साधे गणित आयोजकांना आधी करता आले असते. सात तालुक्यांतून रजा-सुट्टी पाहून आलेल्या तरुण वकिलांसाठी ही उणीव लहान नाही. टिपणांची वही अधिक निराश करणारी होती. तिचा जवळजवळ अर्धा भाग ज्युरीला उद्देशून बोलण्याच्या तंत्राविषयीच्या परदेशी मजकुराचा होता. पहिल्याच तासाला जे आपल्याकडे लागू नाही असे सांगितले गेले, तेच वहीत पानोपानी छापलेले होते. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत गंभीर उणीव भाषेची. १९९८ च्या अधिसूचनेपासून आपल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. साक्षी मराठीत नोंदवल्या जातात, पक्षकार मागच्या बाकावर बसून आपला युक्तिवाद ऐकत असतो, तरीही मराठीत युक्तिवाद कसा बांधावा, कायद्याच्या संज्ञा कोणत्या वापराव्यात, लांब वाक्ये कुठे तोडावीत यासाठी एकही बैठक नव्हती. आमच्यापैकी नऊ जणांनी मराठीत युक्तिवाद केला आणि त्यांना मिळालेल्या सूचना फक्त मुद्द्यांविषयीच्या होत्या, भाषेविषयीची एकही नव्हती. आवाज आणि उभे राहण्याची पद्धत यांवर खर्च झालेला दीड तास या कामी लावला असता तर अधिक उपयोग झाला असता. जेवण साधे आणि वेळेवर होते. सभागृहात मागच्या दोन रांगांना ऐकू कमी येत होते.

तरीही साडेतीन हजार रुपये सत्कारणी लागले असे माझे मत आहे, आणि पाचपैकी चार गुण मी मनापासून देते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सीपीआर रुग्णालयासमोरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झाल्यावर दुसरी अपिले, म्हणजे पहिल्या अपिलाच्या निकालाविरुद्धची अपिले, इथेच चालू लागली. पण दुसऱ्या अपिलात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नापुरतेच ऐकले जाते, वस्तुस्थितीचा निष्कर्ष बहुतांशी खालीच पक्का होतो. उच्च न्यायालय दारात आले म्हणून कसबा बावड्यातील युक्तिवादाचे महत्त्व कमी झालेले नाही, आणि हा विषय एवढ्या बारकाईने शिकवणारे दुसरे काही माझ्या पाहण्यात कोल्हापुरात नाही.

परतल्यानंतर एका वाटपाच्या दाव्यात मी ही पद्धत प्रथम वापरली. तक्ता करायला तीन संध्याकाळ लागल्या, बोलायला पस्तीस मिनिटे. न्यायाधीशांनी दोनदा प्रश्न विचारले आणि दोन्ही वेळा उत्तर ऐकून निशाणीचा क्रमांक लिहून घेतला. प्रकरण निकालासाठी ठेवले आहे. पाच वर्षांपेक्षा कमी वकिली झालेल्यांनी ही कार्यशाळा अवश्य करावी, मात्र नाव नोंदवताना तुकडीत किती जण आहेत हे विचारून घ्यावे आणि पंधरापेक्षा अधिक असतील तर पुढच्या तुकडीची वाट पाहावी. जाताना स्वतःची पुरावा संपलेली एखादी फाइल वाचून जावी, कारण जेवणाच्या सुट्टीत ज्येष्ठ वकील प्रत्येकाजवळ बसून तिच्याविषयी आपुलकीने विचारतात. ती फाइल न वाचता गेल्याची चुटपुट मला लागली होती.